बुटकीच्या अडखळण्याविषयी

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण माझा डावा पाय सध्या घरात फार बदनाम झालेला असल्यामुळे त्याला वगळून सप्तांग नमस्कार घालतो, तो गोड मानून घे. (त्या पायाने काय दिवे लावले ते पुढे येईलच. आधी क्षेमकुशल.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. माझं वजन होतं तेवढंच आहे, म्हणजे घरच्या सरकारच्या मते जास्त. तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण तू 'उत्तम' म्हणणार, वहिनी तुझ्यामागे उभ्या राहून हातवारे करणार, आणि फोनवर हातवारे दिसत नाहीत हे लक्षात आलं की स्वयंपाकघरात जाऊन हिला वेगळा फोन करणार. त्या वेगळ्या फोनमधूनच आम्हाला कळतं की तू हल्ली जिना चढताना कठडा धरतोस, दिवा गेला तर स्टुलावर चढायला शेजाऱ्याला बोलावतोस, आणि पोहायला जायचंही बंद केलं आहेस. दादा, तू लिफ्टचा तपासनीस होतास. मोठमोठ्या इमारतींच्या माथ्यावर जाऊन खाली डोकावून बघायचास आणि वर शीळ घालायचास. आता स्टुलाला घाबरतोस?

हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं. पण मी 'गाडी' एवढा शब्द उच्चारला की तू 'बरं, ठेवतो' म्हणतोस आणि खरंच ठेवतोस. पत्राचं तसं नाही. पत्र बाजूला टाकलंस तरी वहिनी ते उचलतील आणि तुला मोठ्याने वाचून दाखवतील याची मला खात्री आहे. (वहिनी, नमस्कार. इथून पुढे जरा सावकाश वाचा, इंजिनाचा भाग आहे. आणि त्याला उठून जाऊ देऊ नका.)

तर बुटकीबद्दल. निवृत्त झाल्यावर लोक कुंड्या आणतात, चष्मा बदलतात, फार तर भिंतीला रंग काढतात. तू ही गाडी आणलीस. जन्मभर वर गेलो नि खाली आलो, आता जरा पुढे जायचंय, असं म्हणालास आणि आम्ही सगळे हसलो. विक्रेत्याने तुझे पांढरे केस बघून 'यापेक्षा शांत गाडी दाखवू का' असं विचारलं, तेव्हा तू त्याच्याकडे असा पाहिलास की बिचारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे निघून गेला. ठेंगणी, रुंद खांद्यांची, डिझेलवर चालणारी. चेहरा भाजी आणायला निघालेल्या गाडीचा आणि छाती पहिलवानाची. पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. तू मला पहिल्यांदा तिच्यात बसवलंस तेव्हा मी भीतीने तुझी बाही धरली होती आणि तू इतका हसलास की तुलाच बाजूला थांबावं लागलं. तुला तसं हसताना मी फार वर्षांनी पाहत होतो.

आणि मग तो टँकरचा प्रसंग झाला. तो मी पुन्हा सांगायला नको, पण वाचणाऱ्या वहिनी त्या वेळी शेजारी बसल्या होत्या, तेव्हा त्यांच्या साक्षीने थोडक्यात सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा. तू टँकरला मागे टाकायला बाहेर निघालास, ॲक्सिलरेटर दाबलास, आणि बुटकीने क्षणभर काहीच केलं नाही. समोरून बस येत होती. तू पुन्हा टँकरच्या मागे आलास, बस हॉर्न ठोकत गेली, आणि वहिनी काहीच बोलल्या नाहीत. (त्या काहीच बोलल्या नाहीत याचाच तू धसका घेतलास, असं माझं मत आहे.) पुढच्याच आठवड्यात तू गाडी घेऊन माझ्या दारात आलास, चाव्या माझ्या हातात ठेवल्यास आणि म्हणालास, "गाडी ठणठणीत आहे रे. मीच अडखळतो आता." आणि बसने घरी गेलास. मी त्या चाव्या हातात घेऊन दारात उभा होतो, आणि तुला खोटं सांगत नाही, मला रडू आलं. त्याच दिवशी मी ठरवलं की अडखळते ती गाडी आहे, दादा नाही, हे मी सिद्ध करून दाखवीन. एवढ्या एका गोष्टीसाठी पुढचा सगळा खटाटोप झाला, हे लक्षात ठेवून पुढचं ऐक.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना मी बुटकी काढली, पुलाच्या चढावर जोरात पाय दाबला, आणि ती अडखळली! दादा, गाडी बिघडलेली पाहून एवढा आनंद झालेला माणूस त्या पुलावर तोपर्यंत झाला नसेल. मी पुन्हा दाबला, ती पुन्हा अडखळली. क्षणभर थांबते, जणू विचारते, 'नक्की ना?' आणि मग एकदम झेप घेते. मी गात गात दवाखान्यात पोहोचलो आणि पहिल्याच पेशंटचा दात एवढ्या उत्साहाने काढला की तो घाबरून दुसरा दात दाखवेचना.

मग मी गाडी मिस्त्रीकडे नेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज आहे. त्याला सगळे 'बघूया' म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर तेच असतं. माणूस सज्जन, हात काळे, कानावर कायम एक पेन्सिल, आणि ती पेन्सिल शोधत कायम गॅरेजभर फिरणारा. त्याने मला विचारलं की नेमकं काय होतं. आणि इथे माझी पंचाईत झाली. मी दातांचा डॉक्टर. जन्मभर मी खुर्चीत पडलेल्या माणसांना छळत आलो की नुसतं 'दुखतं' म्हणू नका. ठणका आहे, कळ आहे, सणक आहे की ठसठस आहे ते सांगा, कारण ठणक्याचं औषध वेगळं आणि सणकेचं वेगळं. आता खुर्चीत मी होतो. मी म्हटलं, अडखळते. तो म्हणाला, म्हणजे झटके मारते? म्हटलं, झटके नाही, झटक्याच्या आधीचं. म्हणाला, मिसिंग करते? म्हटलं, मिसिंग म्हणजे काय ते मला माहीत नाही, पण हिच्यात काही कमी असल्यासारखं वाटत नाही. म्हणाला, पिकअप घेत नाही? म्हटलं, घेते, पण संकोचाने घेते. 'संकोच' ऐकल्यावर त्याने पेन्सिल शोधायला सुरुवात केली. शेवटी त्याने स्वतः गाडी काढली, मला शेजारी बसवलं आणि मोकळ्या रस्त्यावर नेऊन पाय दाबला. बुटकी बाणासारखी सुटली. त्याने पुन्हा पुन्हा दाबला. ती शहाण्या मुलीसारखी धावत राहिली. पेशंटचं हे असंच असतं, दादा. रात्रभर दाताने जीव खाल्लेला असतो आणि दवाखान्याच्या पायरीवर पाऊल ठेवलं की दुखायचं थांबतं. मी अशा पेशंटांना आजवर मनातल्या मनात हसत होतो. बघूया आता तसाच मला हसत होता, फरक एवढाच की तो मनातल्या मनात हसत नव्हता.

पण माणूस चांगला, म्हणाला बघूया. त्याने गाडीला संगणक जोडला. संगणक म्हणाला, काही तक्रार नाही. मला एकदम तुझाच आवाज आला: 'गाडी ठणठणीत आहे रे.' मी म्हटलं, संगणक कालचं पोर, त्याला काय कळतं, तुम्ही हात घाला. मग त्याने डिझेलचा फिल्टर बदलला. अडखळणं कायम. मग हवा मोजणारा सेन्सर बदलला. (इंजिन किती हवा ओढतं हे तो मोजतो म्हणे. मी त्याला विचारलं, ओढू द्या ना हवी तेवढी, मोजता कशाला. तो पाना आणायला आत गेला.) अडखळणं कायम. मग धूर परत इंजिनात पाठवणारा एक व्हॉल्व्ह निघाला, त्यात जन्माची काजळी साचलेली, ती खरवडून काढली, आणि ते काम मी माझ्या जुन्या हत्यारांनी स्वतः करून दिलं. असा कीट मी कित्येक जबड्यांतून काढलेला आहे. व्हॉल्व्ह लखलखीत झाला, बघूयाने तोंडात बोट घातलं (आणि लगेच काढलं, कारण बोट काळं होतं), आणि अडखळणं कायम. मग टर्बोपासून इंजिनाकडे हवा नेणारा जाड रबरी पाईप बदलला. त्याला बारीकशी चीर होती. ती चीर पाहून मी गॅरेजमध्ये टाळी वाजवली. म्हटलं, हीच ती! हिनेच माझ्या भावाला म्हातारा केला! तो जुना पाईप मी घरी घेऊन आलो, तुला पुरावा म्हणून दाखवायला, आणि बोळात चपलांच्या शेजारी ठेवला.

संध्याकाळी गाडी काढली. अडखळणं कायम.

थोडक्यात, दुखणाऱ्या दाताच्या शेजारचे सगळे निरोगी दात आम्ही उपटून झालो होतो. बघूयाने हात टेकले. तो मला हळूच म्हणाला की डॉक्टर, मी चालवतो तेव्हा ती कधीच करत नाही, तुम्ही चालवता तेव्हाच करते; राग मानू नका, पण वयानुसार पाऊल जरा... आणि पुढे त्याने पेन्सिल शोधली. दादा, त्या क्षणी मला कळलं की तू बसने घरी जाताना खिडकीबाहेर पाहत काय विचार केला असशील. घरी आलो, बोळात दिवा न लावता शिरलो, आणि पुराव्यासाठी ठेवलेल्या त्या पाईपवरून असा घसरलो की चपला, छत्री आणि मी एका ढिगात पडलो. डावा घोटा मुरगळला.

सरकारने उपचार हातात घेतले. हिचा धंदाच लोकांचे हातपाय वळते करायचा, त्यामुळे घरच्या माणसाचा पाय मिळाला की ती जास्तच मन लावते. पट्टी बांधली, बर्फ ठेवला, आणि गाडी चालवायची नाही असं बजावलं. मी अर्थातच चालवली. (हे तिला तेव्हाच कळलं होतं हे मला आत्ता कळलं.) डावा पाय इतका ठणकत होता (हो, ठणका, सणक नव्हे) की गिअर बदलायच्या वेळी तेवढा तो मी दात-ओठ खाऊन क्लचवर न्यायचो आणि लगेच उचलून कडेला, सीटच्या पायाशी, जपून ठेवायचो. पुलाच्या चढावर पाय दाबला, आणि बुटकी सुटली. अडखळली नाही! परत येताना नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी बघूयाला जाऊन मिठी मारली. पाईपच होता, फक्त नवा पाईप जागेवर बसायला जरा वेळ लागला, असा सिद्धांत आम्ही दोघांनी मिळून मांडला आणि त्यावर चहा प्यायलो. तुला त्याच वेळी पत्र लिहायला बसलो होतो. नशीब, शाई संपली.

कारण आठवड्याभरात घोट्याची सूज उतरली, पट्टी सुटली, मी दोन्ही पायांनी ताठ चालू लागलो आणि बुटकी पुन्हा अडखळायला लागली. मी बरा, ती आजारी. मग एक दिवस जिना उतरताना तोच घोटा पुन्हा लचकला, आणि बुटकी पुन्हा बरी. पुन्हा घोटा बरा, पुन्हा बुटकी आजारी. नाकी नऊ आले, दादा. मला वाटू लागलं की माझं नि तिचं काही मागच्या जन्मीचं आहे. आणि मग एका सकाळी हिने माझ्या घोट्याला व्यायाम देता देता, जणू पाऊस येईल म्हणावं तशा आवाजात, म्हटलं, "तुमचा डावा पाय दुखतो तेव्हाच गाडी बरी असते, हे तुमच्या लक्षात आलंय का?"

माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी दातांचा डॉक्टर, मी घोट्याखाली कधी गेलोच नाही.

मग तिने रीतसर तपासणी लावली. आधी ती स्वतः बुटकी चालवायला बसली. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलेली, आपल्याकडे नाही, हे ध्यानात ठेव. बुटकी बाणासारखी. मग मी बसलो, दोन्ही पाय ठणठणीत. अडखळली. मग आपली ताई रविवारी आली होती, तिला बसवलं. ताई म्हणाली मला तुमच्या बुटक्या गाड्या आवडत नाहीत, पण बसली, आणि चौकाच्या पुढे पाय दाबताच म्हणाली, "अगं बाई, ही विचारात पडते!" अडखळली! मी मागच्या सीटवर आनंदाने उडालो. ही मात्र शेजारी बसून रस्त्याकडे बघतच नव्हती. मान वाकडी करून, पार खाली वाकून, ती ताईच्या पायांकडे बघत होती. ताई म्हणाली माझ्या साडीला काय झालंय. ही म्हणाली, साडीला काही नाही, तुमचा डावा पाय कुठे आहे? ताई म्हणाली, कुठे म्हणजे, तयार आहे.

दादा, आता जरा पाणी पी.

तयार आहे! आपली ती जुनी गाडी आठवते? लिफ्टच्या कारखान्यामागच्या त्या ओसाड मैदानात तू आम्हा दोघांना शिकवलंस ती? चढावर बंद पडणारी, थांबली की मागे घसरणारी, जिच्या ब्रेकवर तुझा काडीचा विश्वास नव्हता ती? (लिफ्टचे ब्रेक तपासणं हाच ज्याचा धंदा, त्याच्या स्वतःच्या गाडीचे ब्रेक तसे.) तू शेजारी बसायचास, हातात लाकडी पट्टी, आणि माझा डावा पाय क्लचवरून खाली आला की गुडघ्यावर टपकन पट्टी बसायची आणि तुझा आवाज यायचा, "पाय तयार ठेव!" इंजिन बंद पडायच्या आत क्लच दाबता आला पाहिजे, म्हणून पाय कायम क्लचवर, नुसता टेकलेला, तयार. ताई शिकली, मी शिकलो. आम्ही दोघांनी मग जन्मभर वेगवेगळ्या गाड्या चालवल्या, आणि डावा पाय सगळ्या गाड्यांत तयार ठेवला. मला वाटायचं जगच असं चालवतं. बुटकीत क्लचच्या डावीकडे पाय ठेवायला एक चांगली ऐसपैस जागा करून ठेवली आहे, ती कशासाठी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तू तिथे छत्री ठेवायचास. मीही ठेवत होतो.

आम्ही तिघे तडक बघूयाकडे गेलो. त्याने क्लचच्या वर मान घालून बघितलं आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. मग म्हणाला की तिथे एक लहानसं बटण असतं. क्लचला पाय नुसता टेकला, अगदी कागदाच्या जाडीएवढा जरी दबला, तरी ते बटण इंजिनाला कळवतं की मालक आता गिअर बदलणार आहेत. आणि इंजिन आज्ञाधारकपणे डिझेल आवरतं आणि वाट बघतं. जुन्या गाड्यांना असं बटण नव्हतं, आणि त्यांना मालकाच्या मनात काय आहे याची पर्वाही नव्हती. ही ऐकते. पुढे त्याने सांगितलं ते ऐकून तर मी तिथल्या टायरवर बसलो. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की माणूस आधारासाठी दुसरा पायही रोवतो. घाबरला असेल तर जास्तच रोवतो. म्हणजे टँकरला मागे टाकताना, समोरून बस येताना, शेजारी वहिनी बसलेल्या असताना, तुझा डावा पाय किती तयार असेल ते सांग बघू! तू उजव्या पायाने 'पळ' म्हणत होतास आणि डाव्याने 'थांब'. बुटकीने मोठ्या भावाच्या दोन्ही आज्ञा पाळल्या. (संगणकाला हे आधी का दिसलं नाही, असं मी बघूयाला विचारलं. तो म्हणाला, त्याच्या दृष्टीने बिघाड नव्हताच, सगळं सांगितल्याप्रमाणे चाललं होतं. हे त्याने पेन्सिल न शोधता सांगितलं, म्हणजे तो स्वतःही खजील होता.)

तेव्हा दादा, निकाल ऐक. गाडी ठणठणीत आहे, हे तुझं म्हणणं खरं निघालं. पण 'मीच अडखळतो' हे तुझं म्हणणं साफ खोटं निघालं. तुझा हात थरथरला नाही, डोळा चुकला नाही, मन कचरलं नाही. ऐन तिशीत, मैदानात पट्टी घेऊन बसला होतास तेव्हा जसा चालवत होतास तसाच त्या दिवशी चालवत होतास, आणि सगळी गोची तिथेच आहे. हे म्हातारपण नाही. म्हातारपण माणसाला मागाहून येतं, ही सवय तर आपल्या घराण्याच्या पाचवीला पुजलेली आहे. आणि ती वाईट आहे असंही मला म्हणवत नाही. तुझा पाय तयार होता म्हणून ती खटारा गाडी कधी आम्हाला घेऊन मागे घसरली नाही. तुझा पाय तयार होता म्हणून मी शिकलो, दवाखाना काढला, दोनदा कर्जात बुडता बुडता वाचलो. दर वेळी तूच कुठून तरी क्लच दाबलास. पण दादा, आता आम्ही मोठे झालो. आता तो पाय छत्रीच्या जागी ठेव, आणि छत्री मागे टाक.

बुटकी धुऊनपुसून दारात उभी आहे, नवा फिल्टर, नवा पाईप, लखलखीत व्हॉल्व्ह. एवढी निरोगी गाडी या शहरात दुसरी नसेल. ती तुझी आहे, केव्हाही घेऊन जा. वहिनींना नमस्कार, आणि वाचून घसा कोरडा पडला असेल तर त्यांना चहा तू कर. कपाट वर आहे, पण स्टूल आहेच.

तुझा धाकटा,
(दोन्ही पायांवर उभा)

ता. क. 'केव्हाही घेऊन जा' असं वर लिहिलं खरं, पण ते तेवढं सैल ठेवू नकोस. गाडी मीच तुला आणून देणार होतो, पण जमणार नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. डावा पाय खाली ठेवून पुलावर पाय दाबला तर ती अशी झेपावली की माझी बोबडी वळली, आणि मोकळा झालेला पाय आता कुठे ठेवायचा हेच मला समजत नाही. तो आपोआप वर जातो. एवढ्या लांबचा रस्ता माझ्याच्याने होणार नाही. तेव्हा येत्या शनिवारी तूच ये, आणि जाताना तीच घेऊन जा. बसने येशील ना? जाताना बस नाही, एवढं मात्र वहिनींच्या देखत कबूल कर.

ता. क. दुसरा. ताईचा या सगळ्यावर विश्वास बसलेला नाही. ती म्हणते, त्या मिस्त्रीचं काय सांगता, दादाने सांगितल्याशिवाय मी पाय काढणार नाही. तिला शनिवारी बोलावून ठेवलं आहे. पट्टी आणायची गरज नाही, घरात आहे.

(हे खालचं समासात माझ्या अक्षरात आहे, म्हणजे तुमच्या भावजयीच्या. पत्र पोस्टात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणजे मी वाचणार हे त्यांना ठाऊक असायला हवं. भावजी, ह्यांच्या पहिल्या ता. क.वर अजिबात विश्वास ठेवू नका. हे घाबरलेले वगैरे काही नाहीत. परवा मला शेजारी बसवून थेट गावाबाहेर घेऊन गेले, डावा पाय खाली, आणि एका टँकरला मागे टाकलं. मुद्दाम टँकरच शोधत होते, तासभर. गाडी जराही अडखळली नाही. पुढे जाऊन त्यांनी ती कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की मला आधी वाटलं घोटा गेला. ते ओरडत होते, "दादा म्हातारा झालेला नाही गं! माझा दादा म्हातारा झालेला नाही!" गाडी हे सहज आणून देऊ शकतात. पण ती तुम्हीच चालवत न्यावी, असं त्यांना वाटतं. मलाही वाटतं. शनिवारी या.)